चौथ्या गाण्यातली बाई

बाबांचा फोन आला तेव्हा ती एका न वाचलेल्या कादंबरीची स्तुती लिहीत होती. ते तिचं कामच होतं. प्रकाशनसंस्थेत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापायच्या बारा ओळी तीच लिहायची. पहिली दोन वर्षं तिने पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचली. मग सुरुवात, शेवट आणि मधली वीस पानं. मग संपादकाने दिलेला सारांश. ओळींमध्ये काही फरक पडला नाही. उलट लेखक फोन करून सांगायचे, की आम्हांला जे म्हणायचं होतं ते तुम्ही अचूक पकडलंत. त्या दिवशी पलीकडच्या टेबलावरचा मुद्रितशोधक नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी स्वल्पविरामांवर चिडला होता, चहा बरा झाला होता, आणि फोनवर बाबा विचारत होते, "आले ना आपले चौघे? ऐकलंस?"

"आपले चौघे" म्हणजे बाबांचा बँड. त्याला स्वतःचं एक नाव होतं, काटेरी अक्षरांत छापलेलं, पण घरात ते कुणी उच्चारत नसे. तीस वर्षांपूर्वी चौघं होते, आता त्यांतले दोघंच मूळचे उरले होते. बाबांच्या हिशेबी तरी ते चौघेच. गाणारा घोगऱ्या, ढोल बडवणारा हातोड्या, आणि गिटारवाले दोघं, थोरले आणि धाकटे. तीन वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला होता. तो आला आहे हे तिला बाबांच्या फोनवरूनच कळलं.

"हो मग," ती म्हणाली. "ऐकला की."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"वा! मग सांग. पहिलं?"

"बाबा, मी ऑफिसात आहे. सगळी दहा नाही सांगत बसत आता."

"बरं बाई, एकच सांग. सगळ्यात काय लागलं?"

बोलता बोलता तिने समोरच्या पडद्यावर बँडचं नाव टाकलं होतं. कुणा चाहत्याने सकाळीच लांबलचक लिहिलं होतं. त्यातली एक ओळ तिने उचलली. चौथ्या गाण्यात, ढोल बडवला जात असताना, मागे एक बाई गुणगुणते, असं त्याने लिहिलं होतं. तेवढं त्याचं. पुढची उपमा मात्र तिची स्वतःची होती, आणि ती सुचली तेव्हा तिला हाताला चांगलं काम लागल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. "चौथ्यात ती बाई गुणगुणते ना मागे, अगदी बारीक. घर जळतंय आणि आतल्या खोलीत कुणीतरी शांतपणे केस विंचरत बसलंय, असं वाटलं मला."

 पलीकडे बाबांचं घासायचं मशीन फिरत असल्याचा आवाज येत होता.

"चौथ्यात?" बाबा म्हणाले.

"हो. का?"

"काही नाही. केस विंचरत बसलंय. काय बोलतेस ठमे तू. पुन्हा ऐकतो." आणि त्यांनी फोन ठेवला. तिने कादंबरीच्या बारा ओळी पूर्ण केल्या, संध्याकाळी एक नवी छत्री घेतली, घरी जाऊन कपाटाचा एक खण आवरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला, आणि आई फक्त एवढंच म्हणाली, "अगं, मशीनचा आवाज बदलेना म्हणून मी आत गेले."

हे वाक्य ज्याला कळेल असं जगात दुसरं माणूस नव्हतं. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे आणि घराच्या मागच्या खोलीत बसून बाबा त्यांवरून माणसांना दात करून द्यायचे. शहरातले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, उरलेले अर्धे तुमच्या दातांनी मला खातात, कवळी टोचते म्हणून फोन तर मीच घेते. खोलीत प्लास्टरची पांढरी आणि कवळीची गुलाबी अशी दोन्ही भुकटी सतत उडत असे. घासायच्या मशीनचा आवाज एकसारखा कधीच नसायचा. कवळी टेकवली की तो खाली यायचा, उचलली की वर चढायचा, कड गोल होत आली की मऊ पडायचा. बाबा डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर काम करायचे. आवाज बदलत नाही म्हणजे मशीन चालू आहे आणि हात नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात आईला न शिकवताच कळलं होतं. हृदय थांबलं होतं. स्टुलावरून ते पडलेसुद्धा नव्हते, कामाच्या बाकाला टेकून राहिले होते.

त्या मशीनच्या घरघरीत दुसरं कुठलंच संगीत ऐकू येत नाही, असं बाबांचं म्हणणं. बासरी, सतार, भावगीत, सगळं त्या आवाजात विरघळतं. एकदा कुणा दवाखान्यातल्या माणसाने घोगऱ्याची कॅसेट दिली आणि ती मात्र मशीनला छेदून आरपार आली. "हे लोक माझ्या मशीनवर मात करतात," ते अभिमानाने सांगायचे, जणू भाचे परीक्षेत पहिले आले आहेत. आईला ते संगीत म्हणजे भांड्यांच्या कपाटावर कपाट पडल्यासारखं वाटे. ती दार लावून घ्यायची. त्या लावलेल्या दाराच्या आत, अकराव्या वर्षी, बाबांनी लेकीला दुसऱ्या स्टुलावर बसवलं होतं. नियम साधे होते. नवा अल्बम आला की पहिल्यांदा दोघांनी मिळून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मशीन बंद ठेवून ऐकायचा. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मग बाबा विचारणार, "पहिलं?" आणि तिने एका वाक्यात सांगायचं. मग ते सांगणार. मग "दुसरं?" दोघांची वाक्यं ते कामाच्याच वहीत उतरवून ठेवायचे, डाव्या पानावर कुणाचा वरचा जबडा, कुणाची दाढ, रंग कुठला, आणि उजव्या पानावर एकाखाली एक, मी, ठमी, मी, ठमी.

तेराव्या वर्षी ती एका गाण्याबद्दल म्हणाली होती, "चार माणसं जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवतायत आणि चौघांचंही एकमेकांशी पटत नाही." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढची कित्येक वर्षं त्यांनी ते वाक्य दवाखान्यात, जिन्यात, पाहुण्यांत, जिथे तिथे ऐकवलं. "आमची ठमी म्हणते..." तिला आठवत होतं ते गाणं नव्हे, तर बाबांचं ते हसणं, आणि त्यानंतर प्रत्येक गाणं ऐकताना आपण आत कुठेतरी वाक्य जुळवत बसायला लागलो ते. गाणं चालू असताना तिचं लक्ष गाण्यात नसायचंच. ते बाबांच्या चेहऱ्यावर असायचं, पुढच्या "पहिलं?"वर असायचं. पुढे कॉलेज, पुस्तकं, भारंभार वाचन. जगातल्या मोठमोठ्या दुःखी माणसांनी लिहिलेलं तिने रांगेने वाचून काढलं आणि प्रत्येकाबद्दल तिच्याकडे एक वाक्य तयार असायचं. वाक्यांवरच नोकरी मिळाली. वेगळं बिऱ्हाड झालं तसं एकत्र ऐकणं सुटलं; बाबा फोनवर विचारू लागले. नऊ वर्षांपूर्वीचा अल्बम तिने आपल्या खोलीत लावला आणि दुसऱ्या गाण्यातच बंद केला. तोच घोगऱ्या, तोच हातोड्या, तीच आदळआपट. आपण मोठे झालो, असं तिला वाटलं, आणि कुणाला न सांगता एखादा जुना कपडा टाकून द्यावा तसं तिने ते टाकून दिलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा इकडून तिकडून वाचून दहा वाक्यं सांगितली. बाबा म्हणाले होते, "हे मला सुचलंच नसतं गं!" त्यानंतर आणखी दोन अल्बम आले. हा तिसरा.

बाबा गेल्यावर माणसं येऊन गेली. काहींच्या तोंडात बाबांचे दात होते. तिला ते ओळखू येत होते, बाबा समोरच्या दोन दातांत केसाएवढी फट मुद्दाम ठेवायचे, नाहीतर खोटे दिसतात म्हणायचे. ती कुणासमोर रडली नाही. मुलगी खंबीर आहे हो, असं कुणी आईला म्हणालं तेव्हा आई म्हणाली, "बापासारखी आहे. काही लागलं तर दार लावून घेते." ती रजा संपवून कामावर गेली, आणि पहिल्याच दिवशी एका कवितासंग्रहासाठी "वियोगाच्या जखमेला शब्दांची फुंकर" असं लिहून मोकळी झाली. ते छापायलाही गेलं.

सतरा दिवसांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाई बोलायला कचरत होत्या. "मला विचारायलाही कसंतरी वाटतं गं. पण एक आजोबा आहेत, त्यांची खालची कवळी तुझ्या बाबांकडे राहिलीय. तीन आठवडे नुसत्या पातळ खाण्यावर आहेत बिचारे. रोज येऊन बसतात माझ्याकडे. बोलतात ते मला एक अक्षर कळत नाही. निदान ठसा तरी मिळाला तर दुसरीकडून करून घेईन."

म्हणून शनिवारी सकाळी ती मागच्या खोलीत गेली. आईने काहीही हलवलं नव्हतं, फक्त मशीनची पिन काढून ठेवली होती. आजोबांचा जबडा बाकावरच होता, उघडझाप करणाऱ्या पितळी चौकटीत बसवलेला. मेणात अर्धे दात लावून झालेले, डावीकडचे, उजवीकडे नुसतं मेण. मागे चिठ्ठी होती, मंगळवारी द्यायची. बाबांनी दिलेला वार चुकवल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि त्यांनी फोन केला तो सोमवार होता. सोमवारी दिवसभर त्यांनी हे का पूर्ण केलं नाही? आजोबांचं नाव पाहायला तिने वही उघडली. डावीकडे शेवटची नोंद होती, खालची पूर्ण कवळी, रंग जरा पिवळट घ्यावा, आजोबा विडीवाले. आणि उजवीकडे बाबांच्या बारीक, सरळ अक्षरात, दहा गाणी.

तिने ती उभ्यानेच वाचली. पहिलं, मी: आले बुवा! ठमी: आणि पुढे जागा कोरी सोडलेली. दुसरं, मी: थोरल्याचा हात अजून तयार आहे. ठमी: कोरं. असं प्रत्येक गाण्याला तिच्या वाक्यापुरती जागा ठेवलेली होती. चौथ्यापाशी मात्र दोन्ही भरलेलं. मी: दणदणीत, प्लास्टर घट्ट व्हायच्या आत संपतं. ठमी: बाई गुणगुणते, बारीक. घर जळतंय, आत कुणी केस विंचरतंय. त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, परत ऐकलं, नाही. त्याखाली, हेडफोन लावून, नाही. मग, मशीन, पंखा, खिडकी सगळं बंद करून, नाही. मग एक ओळ सोडून, वरचे सूर गेले म्हणजे. मशीनने खाल्ले. ठमीला येतात. आणि खाली सातव्याला लिहिलेलं होतं, मी: मधे दीड मिनिट रिकामं, नुसता ढोल. चौघं म्हातारे झाले.

बाकाखालच्या यंत्रात सीडी तशीच होती. स्टुलावर बसून तिने चौथं गाणं लावलं. नऊ वर्षांनी ते आवाज अंगावर आले आणि तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आत कुठलंही वाक्य जुळत नाहीये. घोगऱ्याचा घसा फाटत होता, दोघे गिटारवाले एकमेकांवर धावून जात होते, हातोड्या सगळ्यांच्या खालून जमीन काढून घेत होता. गाणं संपलं. बाई नव्हती. तिने परत लावलं. नव्हती. बाबांनी केलं तेच तीही करत आहे हे लक्षात येऊनही तिने खिडकी लावली, पंखा बंद केला, हेडफोन डोक्यावर चढवला. त्याच्या कानावरच्या गादीला बारीक गुलाबी भुकटी लागलेली होती. बाई नव्हती. क्षणभर तिला भीती वाटली की आपलेही गेले, आणि त्या भीतीत जरा सुटल्यासारखंही वाटलं. मग तिने फोनवर त्या चाहत्याचा मजकूर शोधून काढला. त्याने अल्बम फोनवर ऐकला होता, आणि तिथे गाण्यांचा क्रम निराळा होता. सीडीच्या पाकिटामागे छापलेल्या यादीशी तिने तो ताडून पाहिला. त्याचं चौथं ते सीडीवर सातवं. त्याने काही चूक लिहिलं नव्हतं.

तिने सातवं लावलं. अर्ध्यात सगळे एकदम थांबले, ढोल तेवढा चालू राहिला, आणि त्याच्यावर, खूप वर, दोऱ्याएवढा बारीक, एक बाईचा आवाज आला. शब्द नव्हते. जळतं घर नव्हतं, केस नव्हते, काही म्हणजे काही नव्हतं; कुणीतरी काम करता करता स्वतःशीच गुणगुणावं तसं ते होतं, आणि दीड मिनिट ते चालू होतं. बाबांच्या रिकाम्या दीड मिनिटात ती बाई पहिल्यापासून होती.

वहीवर हात ठेवून ती बसून राहिली. बाबांचे वरचे सूर खरंच गेले होते, तेव्हा त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता, असं स्वतःला सांगून पाहिलं. बरोबर निष्कर्ष चुकीच्या गाण्यावरून निघाला, एवढंच. संपादकाला पटेल असं वाक्य होतं. पण तीन वेळा "नाही" लिहिणाऱ्या माणसाला एकदाही, सहजसुद्धा, असं का वाटू नये की पोरगी थाप मारतेय? तेवढं वाटलं असतं तर ते चिडले असते, फोन करून म्हणाले असते, ठमे, कुठल्या गाण्यात गं, लाव बघू. आणि तिला शरमेने का होईना सीडी लावावी लागली असती, आणि ती म्हणाली असती, बाबा, चौथं नाही, सातवं, तुम्हांला जिथे रिकामं वाटतंय ना, तिथे. त्यांनी मान तिरकी करून ऐकायचा प्रयत्न केला असता. नसतंच आलं ऐकू. पण चौघे म्हातारे झालेले नाहीत, एवढं तरी त्यांना कळलं असतं. त्यांनी तिच्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःच्या कानावर घेतला, त्या चौघांवर घेतला, तीस वर्षांच्या सोबतीवर घेतला. तिच्या एका ओळीला जागा करून देण्यासाठी बाजूचं सगळं सरकवलं.

दार उघडून आई आत आली. त्या खोलीत गाणं चालू असताना आई आपण होऊन आत आल्याचं तिला आठवत नव्हतं. आईच्या हातात चहा होता. "सापडला का जबडा?"

"हो. हा काय."

आई दुसऱ्या स्टुलावर बसली. पदराने तिने स्टुलाची कड पुसली, भुकटी काही निघाली नाही. "त्या सोमवारी हेच चाललं होतं," ती म्हणाली. "दिवसभर. एकच गाणं, एकच गाणं. मला वाटलं यंत्र अडकलं. म्हटलं, अहो, शेजारचे आता पोलीस बोलावतील. तर म्हणाले, तिला ऐकू येतं ते मला येत नाही गं. जेवले नाहीत नीट. म्हणाले, उद्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकतो, आता नवीन काम घेत नाही. वरचं ऐकू येत नसेल तर कड कधी मऊ झाली ते मला कळायचं कसं, कुणाच्या तरी हिरड्या सोलून काढीन. मी म्हटलं, बरं झालं, बसा आता आराम करत. चांगलंच वाटलं मला. हसून म्हणाले नाहीत ते. मला तेव्हा कळलं नाही."

मशीनशी पाठ करून बसलेल्या आईकडे तिने पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काही आरोप नव्हता. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाची एकेक बारीकसारीक गोष्ट ती गेले अठरा दिवस अशी उचलून पाहत होती, परत जागेवर ठेवत होती.

"एक विचारू?" आई म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही, तुला माहीतच आहे. पण आहे का गं खरंच ती बाई त्या गाण्यात? एवढं शोधलं त्यांनी."

आहे, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरं होतं, आईला पुरलं असतं, आणि कुठल्या गाण्यात हे आईने आयुष्यात कधी विचारलं नसतं. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, नेमकं आणि मऊ, मलपृष्ठावर शोभेल असं. तिने यंत्र बंद केलं. घोगऱ्या मधेच तुटला आणि खोलीत इतकी शांतता झाली की आईच्या हातातल्या कपाचा बशीवर होणारा बारीक आवाज दोघींना ऐकू आला.

"त्या गाण्यात नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या गाण्यात आहे. मी ऐकलंच नव्हतं आई. कुणीतरी लिहिलेलं वाचून सांगितलं."

आईने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे खोटं सांगितलं. नऊ वर्षं खोटंच सांगतेय. एकही अल्बम ऐकला नाही मी."

"मग सांगायचं नाही का त्यांना?" आईचा आवाज चढला नाही, पण त्यात एक कड आली. "आवडत नाही म्हणायचं. एवढं काय होतं त्यात? मी तीस वर्षं म्हणत होते. ते काय रागावले असते?"

"रागावले नसते. विचारायचे बंद झाले असते." तिचा घसा घोगरा झाला होता, आणि तिने तो साफ केला नाही. "मला ते संगीत कधीच आवडलं नाही आई. अकराव्या वर्षीसुद्धा नाही. बाबा विचारायचे, ते आवडायचं."